काचपात्रातील समुद्रपुष्पे

कलकत्त्याला बंदर आहे, पण समुद्र नाही. हुगळीला दिवसातून दोनदा भरती येते, घाटांच्या पायऱ्या बुडतात आणि उघड्या पडतात; तरीही ते पाणी गोडेच असते. खऱ्या अर्थाने समुद्र पाहावयाचा तर नदीच्या मुखाकडे शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. अशा नगरीत ज्याला घरातील काचपात्रात समुद्राचा प्राणी पाळावयाची हौस येते, त्याला प्राण्याच्या आधी समुद्रच निर्माण करावा लागतो. आणि तरीही समुद्रपुष्प नावाच्या विलक्षण जिवाचा भारतातील शास्त्रीय अभ्यास मुंबईच्या किंवा मद्रासच्या किनाऱ्यावर नव्हे, तर या समुद्र नसलेल्या नगरीच्या आश्रयाने मूळ धरू लागला. हे कसे घडले, आणि त्या अभ्यासातून आजच्या हौशी मत्स्यपालकाने काय उचलावे, हा प्रश्न दिसतो त्याहून अधिक जिव्हाळ्याचा आहे. कारण घरी आणलेली बहुसंख्य समुद्रपुष्पे रोगाने मरत नाहीत. ती मालकाच्या घाईने मरतात.

कोकणच्या कातळी किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी फिरणाऱ्याला समुद्रपुष्प ओळखीचे असते, मग त्याला त्याचे नाव ठाऊक असो वा नसो. खडकाच्या खाचेत साचलेल्या पाण्यात फुललेल्या शेवंतीसारखे काहीतरी दिसते. बोट लावावे तो त्याच्या पाकळ्या आत ओढल्या जातात आणि तेथे मांसल गाठीवाचून काही उरत नाही. लाजाळूच्या झाडाची आठवण व्हावी असा हा प्रकार. पण हे झाड नव्हे आणि पाकळ्या त्या पाकळ्याही नव्हेत. ते पोकळ शुंडक आहेत आणि त्यांच्या त्वचेत सूक्ष्म दंशकोश दडलेले असतात. स्पर्श होताच प्रत्येक कोशातील गुंडाळलेला धागा बाणासारखा सुटतो आणि भक्ष्याच्या अंगात विष सोडतो. शुंडकांच्या मधोमध तोंड. अन्न तेथूनच आत जाते आणि मळही तेथूनच बाहेर पडतो. खाली चकतीसारखा पाय, ज्याने हा प्राणी खडकाला घट्ट धरून बसतो. मेंदू नाही, हृदय नाही, हाडे नाहीत. शरीर ताठ राहते ते आत भरून घेतलेल्या पाण्याच्या जोरावर. पाणी सोडले की सारा डोलारा कोसळतो आणि पुन्हा भरले की उभा राहतो. इतक्या अल्प सामग्रीवर हा जीव मनुष्याएवढे आयुष्य काढू शकतो, ही गोष्ट मात्र एका काचेच्या बरणीने जगाला शिकविली.

ती बरणी एडिंबरोची. सर जॉन ग्रॅहम डॅलियल या स्कॉटिश सद्गृहस्थाने १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प घरी आणले. बरणीतील पाणी नियमाने बदलावयाचे, शिंपल्यातील मांसाचा एखादा तुकडा अधूनमधून द्यावयाचा आणि बाकी वेळ त्याला आपल्या जागी स्वस्थ बसू द्यावयाचे, एवढीच काय ती शुश्रूषा. १८५१ साली डॅलियल वारला, समुद्रपुष्प जगले. ते प्राध्यापक फ्लेमिंग यांच्याकडे आले, त्यांच्यामागे डॉक्टर मॅकबेन यांच्याकडे, आणि शेवटी एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानातील अधिकाऱ्यांच्या हवाली झाले. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, म्हणू लागले. भेटीस येणाऱ्यांसाठी नोंदवही ठेवली गेली. १८५७ साली, बरीच वर्षे वांझ राहिल्यावर, आजीबाईंनी एका रात्रीत दोनशेहून अधिक पिले तोंडावाटे बाहेर टाकली. १८८७ साली त्यांचा अंत झाला तेव्हा वर्तमानपत्राने मृत्युलेख छापला. बंदिवासातील आयुष्यच एकोणसाठ वर्षांचे, आणि सापडले त्या वेळी ते काही बाळ नव्हते. एकामागून एक मालक मरावेत आणि पाळलेल्या जिवाने त्यांच्या मृत्यूनंतरही बरणीत फुलत राहावे, असे दुसरे उदाहरण पाळीव प्राण्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

आजीबाईंच्या हयातीतच घरगुती मत्स्यालयाची कला जन्माला आली. तिचे श्रेय बहुधा पुरुषांना दिले जाते. पण १८४६ साली ॲना थिन या इंग्रज स्त्रीने टॉर्की येथून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि समुद्रापासून दूर ते जगवून दाखविले. ताजे समुद्रजल रोज कोठून आणावे? म्हणून तिची दासी उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा पुन्हा, अर्धा-पाऊण तास ओतीत असे. आज विजेवर चालणारा पंप जे काम करतो ते त्या अनामिक दासीच्या हातांनी केले. नंतर थिनबाईंनी समुद्रशेवाळ वापरून पाण्यातील प्राणवायूचा तोल साधला. १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने या तोलाचे तत्त्व शास्त्रीय भाषेत मांडले. आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याच्या ‘द ॲक्वेरियम’ या ग्रंथाने साऱ्या इंग्लंडला मत्स्यालयाचे वेड लावले. गॉसने एक गोष्ट फार मोलाची केली. समुद्राचे पाणी घरी तयार करण्याची कृती त्याने प्रसिद्ध केली: साधे मीठ, एप्समचे मीठ, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचे क्लोराइड. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यालाही समुद्र आता पुडीतून विकत घेता येऊ लागला. जगातील निरनिराळ्या सागरांच्या क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ सारखेच असते, हे विल्यम डिटमार याने ‘चॅलेंजर’ जहाजाने आणलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून १८८४ साली सिद्ध केले, तेव्हा त्या पुडीला शास्त्राचा भक्कम आधार मिळाला.

वेडाची किंमतही मोजावी लागली. हौशी लोकांच्या झुंडी टोपल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरल्या आणि ज्या खडकांवर गॉसने समुद्रपुष्पांची वर्णने लिहिली ते खडक उजाड झाले. त्याचा पुत्र एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात, आपल्या वडिलांच्या ग्रंथांनीच हा विध्वंस ओढवला याची खंत नोंदविली आहे.

आता कलकत्त्याकडे वळावयाचे. त्या शतकाच्या मध्यावर हुगळी गाळाने भरत चालल्याची भीती व्यापाऱ्यांना वाटू लागली आणि मातला नदीवर नवे बंदर वसविण्याची टूम निघाली. गव्हर्नर-जनरल कॅनिंगचे नाव त्याला मिळाले. शियालदहहून लोहमार्ग टाकला गेला, जेट्या बांधल्या गेल्या, समभागांचा सट्टा झाला. ‘सायक्लोन’ हा शब्द ज्याने घडविला त्या हेन्री पिडिंग्टन याने १८५३ सालीच लॉर्ड डलहौसीला पत्र लिहून बजावले होते की, या जागी एके दिवशी वादळाची लाट येईल आणि सारे वाहून नेईल. कोणी ऐकले नाही. १८६७ साली वादळ आले, लाट आली, बंदराची धूळधाण झाली. १८७२ साली बंदर म्हणून त्याचा नाद सोडून देण्यात आला. सरकारी कागदपत्रांत तज्ज्ञाचा इशारा आणि त्यावरचा मौनाचा शेरा असे जोडीने किती वेळा सापडतात, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल.

या मोडक्या बंदराच्या मचूळ पाण्यात, वादळानंतर दोनच वर्षांनी, फर्डिनांड स्टोलिचकाने एक समुद्रपुष्प शोधले. स्टोलिचका मूळचा मोराव्हियाचा. १८६२ साली तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीस लागला. दक्षिण भारतातील क्रिटेशस काळच्या जीवाश्मांचे वर्णन हे त्याचे मुख्य काम. पण दगडातील मेलेल्या शिंपल्यांबरोबर चिखलातील जिवंत प्राण्यांकडेही त्याचे लक्ष असे. १८६९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने या प्राण्याची शरीररचना वर्णिली आणि त्याला ‘सगार्शिया शिलेरियाना’ असे नाव दिले. आजचे शास्त्रज्ञ त्याला ‘डायाड्यूमीनी शिलेरियाना’ म्हणतात. समुद्रपुष्प म्हणजे निर्मळ खाऱ्या पाण्यातला नाजूक जीव, ही पुस्तकी समजूत या एका शोधाने डळमळली. येथे तर पाणी गढूळ, क्षार कमी, आणि तेही ऋतुमानाप्रमाणे बदलणारे. स्टोलिचकाला हा धागा पुढे नेण्यास आयुष्य मिळाले नाही. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना, १८७४ च्या जूनमध्ये, लडाखच्या उंच पठारावर त्याचा अंत झाला.

तो धागा उचलला नेल्सन ॲनान्डेलने. योगायोग असा की हा मनुष्य आजीबाईंच्या एडिंबरो नगरीतच, १८७६ साली, जन्मला. आजीबाई वारल्या तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. १९०४ साली तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आला आणि १९०७ साली त्या संस्थेचा प्रमुख झाला. चौरंगीवरील ‘जादूघर’ म्हणून बंगाली लोक जिला ओळखतात ती हीच संस्था. ॲनान्डेलला कपाटातील स्पिरिटच्या बाटल्यांत रस कमी. प्राणी जगतो कसा, कोणत्या पाण्यात, कोणत्या शेजाऱ्यांसह, हे पाहण्याची त्याला ओढ होती. कॅनिंगला तो वारंवार गेला. तेथे नदीपासून बांधांनी तुटलेली तळी होती. कधीकाळी मातलाच्या भरतीबरोबर आलेले समुद्राचे प्राणी त्यांत अडकून पडले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच नांदत होते. उन्हाळ्यात पाणी आटून खारट होई, पावसाळ्यात आभाळातून पडणाऱ्या गोड्या पाण्याने ते पातळ होई.

१९०७ साली ‘रेकॉर्ड्‌स ऑफ द इंडियन म्युझियम’ या नव्यानेच निघालेल्या नियतकालिकात ॲनान्डेलने या तळ्यांच्या प्राणिसृष्टीवर लेखमाला लिहिली. तिच्या एका भागात स्टोलिचकाच्या समुद्रपुष्पाच्या एका एकाकी पडलेल्या प्रकाराचे वर्णन आहे. त्या प्रकाराला त्याने लॅटिन भाषेतील ‘एक्सुल’ हे नाव दिले. एक्सुल म्हणजे हद्दपार झालेला. पुढे हा हद्दपार जीव स्वतंत्र जाती म्हणून ओळखला जाऊ लागला आणि त्याचे आजचे नाव ‘पेलोसीटीज एक्सुल’ असे आहे. नामकरण हे शास्त्रज्ञांचे रुक्ष काम समजले जाते. पण समुद्रापासून तुटून तळ्यात बंदिस्त झालेल्या जिवाला याहून समर्पक नाव कवीलाही सुचले नसते.

घरगुती काचपात्राचा विचार करणाऱ्याने या तळ्यांपाशी क्षणभर थांबावे. कॅनिंगचे तळे हे निसर्गाने आणि बांध घालणाऱ्या मजुरांनी मिळून बनविलेले मत्स्यालयच होते. त्याला पंप नव्हता, गाळणी नव्हती, क्षार मोजणारा कोणी नव्हता. तरीही समुद्राच्या त्या मानाने अगदी परक्या पाण्यात समुद्रपुष्प टिकले. का टिकले? त्याची जात मुळातच खाडीमुखाच्या बदलत्या पाण्याला सरावलेली होती, हे एक कारण. पण दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे. तळ्याच्या पाण्यातील बदल मोठा होता, पण तो ऋतूंच्या गतीने होत होता. वैशाखातले खारट पाणी एका रात्रीत श्रावणाचे होत नव्हते. ॲनान्डेल आणि स्टॅन्ली केंप यांनी १९१३-१४ मध्ये ओरिसातील चिलका सरोवराची पाहणी केली, तेव्हाही हेच चित्र अधिक भव्य प्रमाणावर दिसले: पावसाळ्यात जवळजवळ गोडे होणारे आणि उन्हाळ्यात खारे होणारे पाणी, आणि त्या फेऱ्यात आपला संसार मांडून बसलेले समुद्राचे प्राणी. त्यांतील समुद्रपुष्पांचा वृत्तांत १९१५ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी भारतीय प्राणिसर्वेक्षणाची स्थापना होऊन ॲनान्डेल त्याचा पहिला संचालक झाला, आणि १९२४ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यातच निवर्तला. त्याचा वारसा मद्रासमध्ये एन. के. पणिक्कर यांनी चालविला. त्यांनी १९३० नंतरच्या दशकात मचूळ पाण्यातील समुद्रपुष्पांच्या नव्या जाती वर्णिल्या. पुढे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते पहिले संचालक झाले.

समुद्रपुष्प कोठे जगते हे अशा रीतीने समजू लागले. पण ते स्वस्थ आहे की अस्वस्थ, हे कसे ओळखावे? गाय आजारी पडली तर ती रवंथ थांबविते, कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसतो. समुद्रपुष्प तर एरव्हीही बसूनच असते. या प्रश्नाला केंब्रिजच्या कार्ल पँटिन यांनी वळण दिले. १९३५ साली त्यांनी दाखविले की, या मेंदूहीन प्राण्याच्या अंगभर मज्जातंतूंचे जाळे असते आणि एकट्या धक्क्याची ते दखल घेत नाही; दुसरा धक्का थोड्या सेकंदांच्या आत आला तरच स्नायू आकसतात. म्हणजे तेथे एका प्रकारची मोजदाद चालते. १९५० साली एलिझाबेथ बॅथम आणि पँटिन यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. कोणी न डिवचलेल्या समुद्रपुष्पाच्या हालचालींच्या त्यांनी दीर्घ काळ नोंदी घेतल्या. निश्चल भासणारा हा प्राणी वस्तुतः अखंड हालत असतो: उंच होतो, आखडतो, झुकतो, फुगतो. मात्र हे सारे इतके मंदगतीने की मनुष्याच्या डोळ्याला ते दिसतच नाही.

घरी समुद्रपुष्प पाळणाऱ्याची बहुतेक दुखणी येथून उगम पावतात. मालकाची दृष्टी क्षणाची, प्राण्याचे जीवन तासांचे आणि दिवसांचे. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर तो पाहतो तो समुद्रपुष्प आकसून सुपारीएवढे झालेले. त्याच्या पोटात धस्स होते. तो हात घालून त्याला सोडवितो, दुसऱ्या खडकावर ठेवतो, कोलंबीचा मोठा तुकडा तोंडाशी धरतो, निम्मे पाणी बदलतो. वास्तविक प्राण्याने फक्त आतले शिळे पाणी आणि मळ बाहेर टाकला होता. रात्रीतून ते पुन्हा फुलले असते. आता त्याचा पाय फाटला आहे, पाण्याचा क्षार बदलला आहे आणि न पचलेला मांसाचा तुकडा तळाशी कुजत आहे. आठवड्याने प्राणी मरतो आणि दोष विक्रेत्याला दिला जातो. कधी तो विक्रेत्याचा असतोही, पण दर वेळी नव्हे.

खऱ्या अनारोग्याची लक्षणे वेगळी आहेत आणि ती ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. निरोगी समुद्रपुष्पाचे तोंड मिटलेले असते. ते सतत आ वासून राहिले, आतील पडदे बाहेर डोकावू लागले, तर ती वाईट खूण. पाय दगडाला घट्ट असावा. शुंडक बोटाला चिकटावेत. दंशकोश कामी आहेत याची ती साक्ष. तासभर आकसणे हा नित्यक्रम, पण सलग अनेक दिवस मलूल पडून राहणे हे आजारपण. फिरणे ही मधली गोष्ट आहे. समुद्रपुष्प पाय सैल करून चालू लागले की समजावे, त्याला उजेड कमी वा अधिक होतो, पाण्याचा प्रवाह रुचत नाही, किंवा कोणी शेजारी डंख करतो आहे. त्याला जागा शोधू द्यावी. एवढीच दक्षता घ्यावी की पंपाच्या तोंडाला जाळी असेल, कारण भटके समुद्रपुष्प त्यात खेचले जाऊन चिंध्या होणे हा घरगुती मत्स्यालयातील नेहमीचा अपघात आहे. आणि मेलेले समुद्रपुष्प तत्काळ बाहेर काढावे. ते मासळीसारखे हळूहळू सडत नाही, विरघळते. त्याने सुटणारा अमोनिया एका रात्रीत साऱ्या टाकीचा घात करू शकतो.

उष्ण सागरांतील ज्या मोठ्या समुद्रपुष्पांची घरोघरी हौस असते, त्यांच्या बाबतीत आणखी एका भाडेकरूची सोय पाहावी लागते. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. १८८१ साली कार्ल ब्रांट याने ते वेगळे सजीव असल्याचे दाखवून त्याला नाव दिले. आणि १९५८ साली मस्कॅटिन व हँड यांनी किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने सिद्ध केले की, शैवालाने उजेडात बनविलेले अन्न खरोखरच यजमानाच्या शरीरात जाते. म्हणून अशा समुद्रपुष्पाला दिवा हा शोभेसाठी नसून शिधा आहे. अतिशय ताप, काळोख किंवा पाण्यातील धक्का बसला की शैवाल निघून जाते आणि प्राणी पांढराफटक पडतो. दुर्दैव असे की अजाण गिऱ्हाइकाला हा पांढरा रंगच मोहक वाटतो. काही व्यापारी तर अशा उपाशी समुद्रपुष्पांना पिवळा वा गुलाबी रंग चढवून विकतात. झगझगीत एकरंगी समुद्रपुष्प पाहिले की हात आखडता घेणे शहाणपणाचे.

विदूषक माशाची गोष्ट २००३ सालच्या चित्रपटापासून पोरासोरांनाही ठाऊक झाली आहे, म्हणून तिच्यावर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही. कथबर्ट कॉलिंगवूड याने १८६८ साली दक्षिण चीन समुद्रातील महाकाय समुद्रपुष्पांत हे मासे राहत असल्याचे प्रथम कळविले. समुद्रपुष्पांच्या हजाराहून अधिक जाती. त्यांपैकी केवळ दहाच या माशांना थारा देतात. काचपात्रात मासा समुद्रपुष्पाविना सुखाने जगतो. तेव्हा केवळ माशाच्या करमणुकीसाठी पन्नास-साठ वर्षे जगण्याचे सामर्थ्य असलेला जीव विकत घेऊन तो सहा महिन्यांत संपविण्यात काही अर्थ नाही.

आजच्या कोलकात्यात शोभिवंत माशांचा व्यापार मोठा आहे. भारतातून परदेशी जाणाऱ्या अशा माशांचे हे प्रमुख केंद्र समजले जाते. उत्तरेकडील बागबाजारानजीक गालिफ स्ट्रीटवर रविवारी पशुपक्ष्यांचा आणि माशांचा बाजार भरतो. मराठी माणसाला तेथे आणखी एक गंमत आढळते. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांच्या धास्तीने नगरीभोवती जो खंदक खणला गेला त्याची एक टोकाकडील आठवण याच परिसरात ‘मराठा डिच लेन’ या नावाने उरली आहे. ज्या पाण्याने स्वार अडवावयाचे होते ते केव्हाच बुजले.

या नगरीत समुद्रपुष्प पाळणाऱ्यापुढील अडचण कॅनिंगच्या तळ्यातली, पण उलट्या गतीची. चैत्र-वैशाखात खोलीतील पाणी तीस अंशांच्या वर जाते. समुद्रपुष्पाला चोवीस ते सत्तावीस मानवते. उष्म्याने पाणी उडते, मीठ मागे राहते, आणि दर हजार भागांत ३५ भाग असलेला क्षार चढू लागतो. तळ्यात हे घडण्यास महिने लागत. वीस-तीस लिटरांच्या टाकीत ते काही दिवसांत घडते. म्हणून टाकी जितकी मोठी तितकी ती शांत. उडालेल्या पाण्याची भर रोज थोडी थोडी, क्षारविरहित शुद्ध पाण्याने करावी. खारे पाणी घातल्यास क्षार आणखी वाढतो. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी तसेच ओतू नये. माशांच्या रोगावर दिले जाणारे तांब्याचे औषध त्या पाण्यात चुकूनही पडू देऊ नये, कारण माशाला बरे करणारी मात्रा समुद्रपुष्पाला मारते. आणि नव्या टाकीत लगेच समुद्रपुष्प आणू नये. मळातील अमोनियाचे रूपांतर करणारे जंतू, ज्यांना विनोग्राडस्की याने १८९० च्या सुमारास प्रथम वेगळे करून दाखविले, ते वाळूत आणि दगडांत स्थिरावण्यास आठवडे लागतात, आणि पाण्याला खरी स्थिरता येण्यास त्याहूनही अधिक काळ.

पांढरे पडलेले समुद्रपुष्पही नेहमी मरतेच असे नाही. मंद उजेडापासून आरंभ करून तो हळूहळू वाढवीत नेला, बारीक चिरलेल्या कोलंबीचा कण आठवड्यातून एक-दोनदा शुंडकांवर सोडला आणि पाणी हलू न देता एकसारखे राखले, तर काही महिन्यांनी एखाद्या सकाळी शुंडकांच्या मुळाशी तपकिरी छटा दिसू लागते. उरलेसुरले शैवाल वाढू लागले, असा त्याचा अर्थ. ती छटा टोकापर्यंत पोहोचण्यास आणखी काही महिने जातात, आणि त्या अवधीत टाकीत हात घालण्याचे सहसा काहीच कारण पडत नाही.